सात हिस्से आणि एक नळी

माझ्या नवऱ्याने मला एकदा हेअरफर्ड म्हटलं. भर जेवणात, पाहुण्यांसमोर, आणि तेही कौतुकाने. हेअरफर्ड म्हणजे विलायतेतली तांबडी, पांढऱ्या तोंडाची गाय. "स्वभावाने शांत," तो म्हणाला, "कुठल्याही हवेत रुळते, साध्या चाऱ्यावर अंग धरते." अंग धरते! मी डाव हातात धरून तशीच उभी राहिले. मला शांत म्हणणारा जगात हा एकच माणूस, आणि त्याला मी शांत का दिसते तर मी गाय आहे म्हणून. त्या दिवशी इलियासला मी गोश्ताच्या सालनातले नुसते बटाटे वाढले.

तसा दोष त्याच्या एकट्याचा नाही. इथे बहरीनला, मनाम्यात ज्या गोश्त आयात करणाऱ्या कंपनीत तो नोकरीला आहे, तिने मागच्या वर्षी त्याला ट्रेनिंगला बसवलं. परदेशातून कुणी बाई आल्या होत्या, त्यांनी गोश्तासाठी पाळायच्या गुरांच्या जाती शिकवल्या: कुठली कशी दिसते, किती दिवसांत भरते, कुणाचं गोश्त मऊ, कोण तापट. त्याआधी आमचा इलियास साधा माणूस होता. आम्ही एकाच गावचे, एकाच शाळेतले, म्हणून मी त्याला अजून अरे-तुरेच करते. पण ट्रेनिंगहून जो परत आला तो वेगळाच कुणीतरी होता. त्याला माणसं दिसेनात, गुरंच दिसायला लागली.

आमचा घरमालक शारोले झाला. गोरापान, हाडापेराने थोराड, पण भरायला वेळ लावणारा. माझी नणंद आतिका झाली लिमोझिन: अंगाने चांगली, पण जरा कुठे आवाज झाला की बिथरते. हे मात्र मला पटलं, पण मी कबूल केलं नाही. आमची शाजिया मोबाइल घेऊन सोफ्यावर पडलेली असते, तिला म्हणाला, "तू वाग्यू. हालचाल कमी, खर्च जास्त."

"पप्पा, दॅट इज सो रूड," शाजिया म्हणाली आणि कूस बदलली.

आणि सगळ्यांत लाडका कोण, तर अँगस. काळाभोर, जन्मतःच बिनशिंगाचा, गरीब स्वभावाचा, गोश्तात चरबीची बारीक जाळी. "आणि झोहरा, भरतो किती लवकर! सव्वा वर्षाचा अँगस उभा केलास ना, तर आपल्याकडचा तीन वर्षांचा बैल त्याच्यापुढे पोरगेला दिसेल." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं की झोपेतही म्हणून दाखवीन. त्याच्या नावडतीचा होता नेलोर. मूळ आपल्या आंध्रातला, कधीकाळी ब्राझीलला गेला आणि तिथलाच झाला. पांढरा, वशिंडाचा, गळ्याखाली लोंबत्या पोळीचा, उन्हाला दाद न देणारा. "पण गोश्त!" इलियास तोंड वाकडं करायचा. "चप्पल शिजवलेली बरी."

आता माझ्या बाबांबद्दल सांगते, कारण खरी गोष्ट त्यांचीच आहे.

माझे बाबा, नजीबभाई, मनाम्याच्या मार्केटात गोश्ताच्या गाळ्यावर आयुष्यभर उभे राहिले. रत्नागिरीहून आलेल्या कितीतरी घरांची ईद त्यांच्या हातून झाली. कुर्बानीच्या मोठ्या जनावरात सात हिस्से असतात, तशी आमची सात घरं ठरलेली. जनावर निवडायचं बाबांनी, बाकीच्यांनी मान डोलवायची. बाबा गोठ्यात शिरायचे, पाठीवर थाप मारायचे, चार पावलं चालवून बघायचे, तोंड उघडून दात बघायचे आणि म्हणायचे, "हाच." त्यावर कुणी बोलत नसे. ईदच्या जेवणात मगजाने भरलेली मोठी नळी बाबांच्या ताटात पडायची, तीही कुणाला न विचारता. नळीतला तो ऐवज बाबा असा जोर लावून ओढत की शेजारच्या घरातल्यांना कळावं, नजीबभाईंची ईद झाली.

आणि इलियासला बाबा काय म्हणायचे? "तुझा नवरा." लग्नाला एवढी वर्षं झाली, शाजिया कॉलेजला जायची झाली, तरी "जावई" हा शब्द काही त्यांच्या तोंडून निघाला नाही. कारण एकच. लग्न ठरलं तेव्हा इलियास कंपनीच्या कोल्ड रूममध्ये होता. "खोक्यातलं गोश्त विकतो तो," बाबा म्हणाले होते. "त्याने जनावर कुठे बघितलंय? खोकी बघितलीत." ते त्यांनी मनातून कधी काढलं नाही. मी किती भांडले! मग कंटाळले.

यंदाची बकरी ईद बाबांची इथली शेवटची. गुडघे गेले, गाळा दुसऱ्याला दिला, नईम भागातली जुनी खोली सोडली, आणि ईद झाली की ते कायमचे गावी जाणार होते. प्रश्न होता तो पुढचा. त्यांच्यामागे सात घरांचं जनावर निवडणार कोण? नावेद म्हणून सातांतला एक जण आहे, बाबांच्याच गाळ्यावर शिकलेला, तोंडाने फटकळ. सगळ्यांना वाटत होतं नावेदच. बाबांना विचारलं की म्हणायचे, "बघू. गोठ्यावर गेलो की सांगीन."

एकदा भांडी पुसता पुसता इलियास मला म्हणाला, "झोहरा, मला एकदा त्यांनी म्हणायला हवं गं. की पुढच्या वर्षीपासून तू बघ." त्याच्या हातातली ताटली केव्हाच कोरडी झाली होती, तरी तो पुसतच होता. मी सहसा त्याची अशी संधी सोडत नाही, पण त्या दिवशी नाही चिडवलं. जीव तुटला माझा.

ईदच्या आधीच्या शुक्रवारी आम्ही तिघं सखीरच्या बाजूला, रेसिंग ट्रॅकच्या पलीकडे एका बहरीनी माणसाच्या गोठ्यावर गेलो. गाडी मी चालवली. इलियासकडे लायसन्स आहे, पण बाबा त्याच्या गाडीत बसत नाहीत. तो आपला मागच्या सीटवर बसून रस्ताभर अँगसचे गोडवे गात होता. बाबा पुढे बसून काहीच बोलत नव्हते. एरवी असं वाक्य आलं की ते निदान खाकरायचे तरी.

एक गोष्ट सांगायची राहिली. बाबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय. गावी जाऊन काढीन म्हणतात. तोवर "मला सगळं दिसतं" हेच त्यांचं म्हणणं. चहाच्या कपाऐवजी साखरेचा डबा तोंडाला लावला तरी म्हणणं तेच.

गोठ्यात पंखे घरघरत होते, तरी घाम खळेना. आत जनावरं निवडूनच आणलेली. दोन-तीन तांबडी, एक मोठा पांढरा नेलोर, आणि कोपऱ्यात एक काळा. काय होता तो! पाठ अशी सपाट की वर भाकरी थापावी. पुठ्ठे भरलेले, मान आखूड, शिंगाचा पत्ता नाही, आणि स्वभाव इतका गरीब की गोठ्यावरच्या माणसाने कान धरला तरी रवंथ चालूच. इलियासचा चेहरा मी बघितला. आमच्या लग्नातही तो असा उजळला नव्हता.

बाबा सरळ काळ्याकडे गेले. पाठीवर थाप मारली, पुठ्ठ्यावरून हात फिरवला, गळ्याखाली चाचपलं. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "वर्षभर डोकं खातोय ना हा काळ्याचं? म्हटलं घेऊया. जाता जाता त्याचंही मन राखूया."

मला काय वाटलं कसं सांगू? मी बाबांचा दंडच धरला. एवढ्या वर्षांत त्यांनी इलियासचं काही राखलं असेल तर ते हे पहिलंच.

गोठ्यावरच्या माणसाने काळ्याचं तोंड उघडून धरलं. "दो साल पूरा, चाचा," तो म्हणाला. बाबा वाकले, डोळे बारीक केले, आणि म्हणाले, "दोन दात. मस्त. हाच."

मी खाटकाची मुलगी. सवयीने माझीही मान पुढे गेली. जनावराला पुढचे दात असतात ते खालीच. दोन वर्षं झाली की त्यांतले मधले दोन पडतात आणि रुंद, पक्के दोन दात येतात. ते आले की कुर्बानीला चालतं, नाहीतर नाही. काळ्याच्या तोंडात ते नव्हते. बारीक, एका ओळीतले, सगळे दुधाचे दात. एवढं धिप्पाड धूड, पण वयाने पोर! मी इलियासकडे बघितलं. त्याने ते माझ्या आधीच बघितलं होतं.

आता बोलेल, मला वाटलं. बोलायलाच हवं होतं, कारण सात घरांची कुर्बानी होती. आणि बोलला की झालं, बाजी त्याचीच. नजीबभाईंना दात दिसले नाहीत, खोकीवाल्याला दिसले. यापेक्षा मोठी सनद कुठली हवी होती?

इलियासने घसा साफ केला. "बाबा, हा नको," तो म्हणाला.

"का?"

"चरबी फार याच्यात. सात घरांत निम्म्यांना कोलेस्टेरॉलच्या गोळ्या आहेत."

बाबा त्याच्याकडे बघतच राहिले. "ती चरबी गोड असते, कोण म्हणायचं?"

"मीच म्हणायचो. पण शिंगंही नाहीत हो याला."

"जन्मतः नसली तर चालतात, हे मशिदीतून विचारून आलेला तूच ना?"

"चालतात, चालतात," इलियास म्हणाला. "पण ईदचं जनावर कसं, शिंगांनी शोभलं पाहिजे. तो पांढरा बघा. नेलोर. केवढा रुबाब!"

"चप्पल म्हणायचास ना त्याला?"

"आता पटलंय मला," इलियास म्हणाला, आणि इतकं पडेल खोटं मी जन्मात ऐकलं नव्हतं. कानशिलं लाल झाली होती त्याची.

बाबा भडकले. भडकणारच की! मन राखायला गेले तर ज्याचं राखायचं तोच नको म्हणतोय. "दारात एक बोलतो, आत एक बोलतो," ते मला म्हणाले, पण त्याला ऐकू जाईल असं. "वर्षभर काळा, काळा, आणि आता पांढरा. याच्या हातात सात घरांचा हिस्सा द्यायचा? नावेद बघेल पुढच्या वर्षीपासून. खलास."

इलियास नुसतं "जी" म्हणाला. माझ्या ओठांवर आलं होतं सगळं. इतक्यात त्याने माझ्याकडे असं बघितलं की मी, झोहरा, गप्प बसले. पुढे कधी कुणी मला शांत म्हटलंच, तर या एका दिवसासाठी म्हणावं.

मग बाबा तणतणत नेलोरकडे गेले. तो काळ्यासारखा गरीब नव्हता. तोंड उघडू देईना, मान झटकायचा, फुरफुरायचा. शेवटी माणसाने दावं आवळलं आणि बाबांनी बाजूने अंगठा आत घातला, जसा ते पूर्वी घालायचे. आणि तो अंगठा तसाच ठेवून ते उभे राहिले. बराच वेळ. मला वाटलं, राग गिळतायत. मग त्यांनी अंगठा बाहेर काढला, रुमालाने पुसला, "हा घ्या" म्हणाले आणि एकटेच जाऊन गाडीत बसले.

निघताना इलियास म्हणाला, "मोबाइल राहिला गं आत." मोबाइल त्याच्या शर्टाच्या खिशातून बाहेर डोकावत होता. आरशातून बघितलं, तर तो गोठ्यावरच्या माणसाला काळ्याचं तोंड परत उघडायला लावून दाखवत होता. म्हणजे दुसऱ्या कुणाच्या ईदलाही तो काळा जायला नको. परत येऊन म्हणतो, "सापडला."

घरी आल्यावर मी त्याला धरलंच. "तोंड काय शिवलं होतं तुझं? सांगायचं होतंस!"

"काय सांगू? परक्या माणसासमोर, शेवटच्या वर्षी, की बाबा तुम्हाला दिसत नाही?" इलियास म्हणाला. "आणि त्यांचा हात चुकला नाही, झोहरा. आपल्याकडच्या जनावराला तेवढं अंग यायला तीन वर्षं लागतात. हाताने बरोबरच सांगितलं. त्या काळ्याची जातच लवकर भरणारी, त्याला ते काय करणार?"

"आणि तुझं काय? गेलं ना सगळं नावेदकडे."

"मला ते हवं होतं," तो म्हणाला. "पण असं नको."

मी त्याला चहा करून दिला, आणि मागितली नव्हती तरी खारी पण दिली.

ईदच्या दिवशी जेवण आमच्याकडे होतं. सात घरांतले बाप्ये हॉलमध्ये पंगतीला, बायका-पोरं आतल्या खोलीत. तांदळाच्या भाकऱ्या, सालन, पुलाव. नेलोरचं गोश्त मी कुकरच्या किती शिट्ट्या काढून शिजवलं ते विचारू नका. शाजिया म्हणाली, "मम्मी, इट्स स्टिल फायटिंग." तिला म्हटलं, तू वाग्यू आहेस, गप्प खा.

हॉलमध्ये नावेदला सापडलाच विषय. एक तुकडा या गालातून त्या गालात फिरवत तो मोठ्याने म्हणाला, "काय इलियासभाई, हे गोश्त आहे की टायर? तुमचा तो लोण्यासारखा अँगस कुठे गेला?"

सगळे हसले. इलियासही हसला. "चावा, चावा," तो म्हणाला. "दातांना व्यायाम."

"नाही, पण ऐन वेळी पलटलात म्हणे तुम्ही," नावेद सोडतोय होय? "नजीबभाई काळा घेत होते, तर तुम्हाला शिंगं आठवली. म्हटलं ट्रेनिंग अर्धं राहिलं वाटतं!"

पुन्हा हशा. मी भाकऱ्यांची टोपली घेऊन दारात उभी होते. टोपली नावेदच्या डोक्यावर उलटी घालावी की काय, असं मनात आलं. तेवढ्यात बाबांनी हातातला घास ताटात ठेवला.

"काळ्याला दुधाचे दात होते," बाबा म्हणाले.

हसणं थांबलं.

"मला दिसले नाहीत. मला आता काहीच नीट दिसत नाही. समोर कोण बसलंय ते मी आवाजावरून ओळखतो." ते कुणाकडे न बघता बोलत होते, सावकाश, हिशेब सांगावा तसं. "ह्या पांढऱ्याने तोंड उघडू दिलं नाही म्हणून अंगठा घातला, तर दोन दात हाताला लागले. तेव्हा कळलं, काळ्याच्या तोंडात मी नुसता वाकलो होतो, बघितलं काहीच नव्हतं. आणि वर्षभर काळ्याचे गोडवे गाणारा एकाएकी का पलटला, तेही कळलं. तुम्हा सगळ्यांची कुर्बानी गेली असती माझ्या हातून. याला दिसलं. आणि याने मला सांगितलं नाही, शिंगांचं सांगितलं."

इलियास मान खाली घालून ताटातल्या भाकरीचा कोपरा मोडत होता. नावेदने तो तुकडा न चावताच गिळला.

"वर्षभर सगळ्यांना जाती वाटल्यास," बाबा एकदम इलियासकडे वळून म्हणाले. "माझ्या मुलीला गाय म्हणालास. घरमालकाला सोडला नाहीस. मला नाही वाटलीस ती? सांग. मी कुठल्या जातीचा?"

इलियासने माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले. विचारलंय ना, सांग मग.

"नेलोर, बाबा," इलियास हळू म्हणाला.

"का?"

"इकडचे, पण आयुष्य परमुलखात काढलं. उन्हाला दाद दिली नाही. कमीत भागवलं." तो थांबला. मग त्याच्यातल्या त्या मेल्या ट्रेनिंगने उचल खाल्लीच. "आणि मऊ व्हायला फार म्हणजे फार वेळ लागतो."

सगळे बाबांकडे बघायला लागले.

बाबा आधी खाकरले. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मग ते असे हसले, असे हसले, की ठसका लागला आणि नावेदला पाणी द्यायला उठावं लागलं. डोळे पुसत त्यांनी ताटात चाचपलं, त्यांची ती मोठी नळी उचलली, आणि अंदाजाने हात पुढे करून इलियासच्या ताटात ठेवली. अर्धी भाकरीवर टेकली, थोडा रस्सा त्याच्या शर्टावर उडाला.

"घ्या, जावई," बाबा म्हणाले. "पुढच्या वर्षीपासून तुम्ही बघायचं. आणि दात अंगठ्याने बघायचे. डोळ्यांचा भरवसा नाही."

इलियास त्या नळीकडे बघत बसला. वर्षभर ज्याने माझं डोकं खाल्लं, लिफ्टमध्ये, गाडीत, झोपताना, तो माणूस नळी उचलायचंही विसरला. त्याचे डोळे भरले होते, माझेही भरले होते, आणि टोपलीतल्या भाकऱ्या गार होत चालल्या होत्या.

शेवटी मीच म्हटलं, "अरे ओढ ना. शेजाऱ्यांना कळू दे."